नकाराच्या पुढचा कागद

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
शीव, मुंबई.



भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन घातक कचरा पीथमपूरच्या भट्टीत जळून संपला, ही बातमी २०२५ च्या जूनअखेर आली. नागपूरकरांपैकी फार थोड्यांना तेव्हा आठवले असेल, की हा कचरा आपल्या दारात येणार होता. २०११ च्या जुलैत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळच्या बोरखेडीला, डीआरडीओच्या भट्टीत जाळायला सांगितले होते. आपल्याकडे गदारोळ उठला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, राज्य सरकारने विरोध केला आणि आपल्या मंडळानेही परवानगी दिली नाही. पुढे तळोज्याच्या नावाचीही चर्चा झाली, तीही विरली.

तो नकार बरोबर होता की चूक, यावर मला आज वाद घालायचा नाही. मला विचारायचे आहे ते त्याच्या पुढचे. ‘इथे नको’ म्हणताना आपण इथली जागा कुठल्या जागेशी ताडून पाहिली होती? बोरखेडीपेक्षा पीथमपूर बरे, किंवा पीथमपूरपेक्षा बोरखेडी बरी, असे दाखवणारा एखादा कागद त्या वेळी कुणी तयार केला होता का? असेल तर तो लोकांसमोर यायला हवा होता. नसेल, तर आपण एवढेच केले, की नको असलेले पार्सल पुढच्या दारात नेऊन ठेवले.

या पार्सलाचा प्रवास आठवून पाहा. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला. कारखाना बंद पडला, पण आतला माल तिथेच राहिला. २००५ मध्ये तो गोळा करून, पोत्यांत आणि पिंपांत भरून एका शेडमध्ये ठेवला गेला. मग जागेचा शोध सुरू झाला. गुजरातने अंकलेश्वरसाठी आधी होकार दिला आणि मग फिरवला. मधल्या काळात सुमारे ४० टन चुन्याचा गाळ पीथमपूरला नेऊन पुरला. त्यानंतर नागपूर झाले. २०१२ मध्ये तर जर्मनीपर्यंत मजल गेली. तिथल्या सरकारी संस्थेमार्फत तो जाळण्यासाठी २५ कोटी रुपये मंजूरही झाले, पण जर्मनीतही ओरड झाली आणि त्या संस्थेने माघार घेतली. शेवटी पुन्हा पीथमपूर. खर्च १२६ कोटींवर गेला. अंकलेश्वर, बोरखेडी, जर्मनीतले हॅम्बुर्ग ही नावे यादीतून गळली ती तिथल्या भूगर्भामुळे, वाऱ्यामुळे किंवा विहिरींमुळे नव्हे. ज्या गावाचा आवाज मोठा ते गाव सुटले. पीथमपूरचा आवाज मोठा झाला तो कंटेनर फाटकाच्या आत गेल्यावर: २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले, अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा केला होता, आणि दोन दिवसांनी शहर बंद होते. दोघा तरुणांनी पेटवून घेतले.

आपल्या मराठी माणसांना हे परराज्यातले प्रकरण वाटू नये. पीथमपूर इंदूरच्या अंगणात आहे. इंदूर, धार, देवास इथे मराठी घरांच्या पिढ्या गेल्या. इंदूरच्या नळाला पाणी देणारा यशवंत सागर ज्या गंभीर नदीवर आहे, तिचे पाणलोट क्षेत्र त्याच बाजूला पसरलेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली ती याच धास्तीने. आपण दूर सारलेली धास्ती आपल्याच नात्यागोत्यातल्यांच्या घरी उतरली, एवढे तरी ध्यानात असावे.

आता राखेकडे येतो. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे आणि वर्तमानपत्रांत तिच्या वाट्याला सर्वांत कमी जागा आली.

भट्टीत जाते त्यातले जळणारे तेवढे जळते. या ३३७ टनांत निम्म्याच्या आसपास, १६२ टन, होती नुसती खोदून काढलेली माती. माती जळत नाही. सेव्हिन या कीटकनाशकाचे आणि नॅप्थॉलचे अवशेष होते ९२ टन, अर्धवट तयार झालेली कीटकनाशके ५४ टन, रिअॅक्टरमधला गाळ २९ टन. हे सारे जळताना निघणारी आम्ले, पारा, डायॉक्सिन धुराड्यातून बाहेर पडू नयेत म्हणून चुना घालावा लागतो, सक्रिय कोळसा फवारावा लागतो, धूर झपाट्याने थंड करावा लागतो. डायॉक्सिनची गंमत अशी, की भट्टीच्या हजार-अकराशे अंशांत ते मोडते, आणि धूर चारशेवरून दोनशे अंशांकडे रेंगाळत उतरला तर वाटेत पुन्हा जुळते. म्हणून ही सगळी धावपळ. पण जे धुरातून पकडले ते कुठे जाते? राखेत. मुळात जेवढे घातले त्याच्या अडीचपटीहून अधिक, जवळपास ९०० टन, अवशेष बाहेर आले. ताशी २७० किलोच्या वेगाने जाळण्याचे मुख्य काम मे-जूनच्या दोन महिन्यांत उरकले. राख मात्र कायमची आहे. धुराड्याच्या धुराची मोजणी भट्टी विझली की थांबते, पुरलेल्या राखेखालचे पाणी नातवंडांच्या काळातही तपासावे लागते.

तरीही सगळी चर्चा भट्टी कुठे असावी यावरच झाली. राख कुठे जाणार हे जणू आपोआप ठरले होते: भट्टीच्या कुंपणात, तिथल्याच लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या खड्ड्यात. २०२५ च्या ऑक्टोबरात ही जागा वस्तीपासून अवघ्या पाचशे मीटरवर असल्याची बाब मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने दुसऱ्या जागा पाहायला सांगितले. म्हणजे कचरा जळून गेल्यावर पर्यायी जागांची आठवण झाली. वरात दारात आल्यावर मांडव कुठे घालायचा हे विचारण्यातला हा प्रकार.

आपण म्हणाल, यात महाराष्ट्राचा संबंध काय? संबंध असा, की घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक केंद्रे आपल्याकडेही आहेत. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी. राज्यातल्या कारखान्यांचा गाळ, राख, मुदत संपलेली औषधे, रंगांचे अवशेष तिथे जातात. उद्या यांतल्या एखाद्या केंद्राचे खड्डे भरतील, नवा खड्डा किंवा नवी जागा मागितली जाईल, आणि तेव्हाही जागा याच रीतीने ठरणार असेल तर पीथमपूरला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

जागांची तुलना म्हणजे काय, ते याच केंद्रांवरून बघू. सुरुवात पावसापासून करतो, कारण लँडफिलचा पहिला शत्रू पाऊस. कचरा आपल्या जागी स्वस्थ बसलेला असतो, त्याला हलवते पाणी. उघड्या खड्ड्यात पडलेला पाऊस कचऱ्यातून झिरपून तळाशी जमतो, त्याला लीचेट म्हणतात, आणि ते सतत उपसून शुद्ध करावे लागते. हेक्टरभर उघड्या खड्ड्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तळोज्याच्या पट्ट्यात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पडतो. हिशेब करा: अडीच-तीन कोटी लिटर, तेही चार महिन्यांत. नागपूरकडे, बुटीबोरीला, हेच पाणी कोटीच्या आसपास भरते. रांजणगाव पर्जन्यछायेत आहे, तिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर म्हणजे पन्नास-साठ लाख लिटर. नुसता पाऊस पाहिला तर रांजणगाव जिंकले आणि तळोजा सपशेल हरले.

पण एवढ्यावर निकाल लागत नाही. तळोज्यात पाणी भरपूर आणि कासाडी नदी जवळच. ही नदी आधीच कारखान्यांच्या सांडपाण्याने इतकी गांजलेली, की प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. तिथे गळती झाली तर ती खाडीत उतरणार आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणार. रांजणगावला, शिरूरच्या पट्ट्यात, पाऊस कमी, म्हणून गळती कमी. पण तिथला शेतकरी जगतो विहिरीवर आणि बोअरवर. जिथे पाणी थोडे तिथे थोड्या विषाचा भार जास्त, आणि एक विहीर बाद झाली तर दुसरी कुठून आणणार? एका जागी धोका घडण्याची शक्यता मोठी, दुसऱ्या जागी घडलाच तर त्याचा घाव मोठा. ही दोन वेगळी मापे आहेत. ती एकाच बेरजेत कोंबून ‘अमुक गुण’ असा आकडा काढला की तक्ता नेटका दिसतो आणि नेमके जे सांगायचे तेच त्यात बुडते.

बुटीबोरीबद्दल थोडे अधिक लिहितो, तो मुलूख रोजच्या नजरेतला आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात, पाणी वरच थांबते. जुलैत वावरात पाय रोवून उभे राहिलात तर चप्पल मातीतच राहते. कागदावर ही माती लँडफिलला उत्तम, कारण ओली असताना तिच्यातून पाणी जवळजवळ उतरत नाही. हीच माती एप्रिलमध्ये येऊन बघा. हाताचा पंजा उभा आत जाईल एवढ्या भेगा, काही ठिकाणी त्याहून खोल. मृगाचा पहिला पाऊस वरून वाहत नाही, भेगांतून थेट खाली जातो. मातीखाली मुरूम, मुरुमाखाली काळा पाषाण. दख्खनच्या पठाराचा हा पाषाण दिसायला अभेद्य, पण सांध्या-फटींनी भरलेला, आणि पाणी त्या फटींतूनच पळते. कुठे पळेल हे वरून पाहून सांगता येत नाही. गावातल्या विहिरी खोदणाऱ्यांना विचारा. एका बांधावर चाळीस फुटांवर झरा लागतो, शेजारच्या बांधावर ऐंशी फुटांनंतरही कोरडे. अशा खडकात खड्ड्याभोवती चार निरीक्षण विहिरी खणल्या आणि चारही स्वच्छ निघाल्या, तर त्यावरून एवढेच कळते, की त्या चार फटींत अजून काही आलेले नाही.

म्हणून जागेची माती कुठल्या महिन्यात तपासली, हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो. पावसाळ्यात घेतलेला नमुना आणि उन्हाळ्यात घेतलेला नमुना एकाच जागेचे दोन वेगळे दाखले देतील. अहवालात मात्र बहुधा एकाच ऋतूचे तीन महिने असतात.

वाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, हिवाळ्यात उलट दिशेचा आणि मंद. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, धूर वर न जाता आडवा पसरतो. भट्टीच्या पूर्वेला गाव आहे की पश्चिमेला, याला त्या वेळी फार अर्थ येतो. वर्षभराची सरासरी काढली तर ती पहाट त्यात हरवते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत अंतरे दिलेली आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको. तळ्यापासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटर, पूररेषेत नको, भूजल खड्ड्याच्या तळाच्या दोन मीटरपेक्षा जवळ नको. तळाला दुहेरी अस्तर, त्यातली एचडीपीई प्लास्टिकची चादर दीड मिलिमीटरची. हे निकष हवेतच. पण ते चाळणीसारखे आहेत, अगदीच वाईट जागा तेवढ्या गाळतात. चाळणीतून खाली आलेल्या चार जागांतली कोणती कमी वाईट, हे ते सांगत नाहीत. शिवाय ५०० मीटर हे अंतर पहिल्या दिवसाचे असते. केंद्रामुळे रस्ता होतो, रस्त्यामुळे टपऱ्या, टपऱ्यांमागे कामगारांच्या खोल्या. पंधरा वर्षांनी वस्ती कुंपणाला टेकते आणि आपण म्हणतो, लोकच येऊन राहिले. खड्डा बंद झाल्यावरही त्यावर तीस वर्षे नजर ठेवायची असते. तेवढ्या काळात शहर कुठवर येईल, याचा अंदाज जागा निवडतानाच बांधायला नको का?

आता कायद्याचे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आघात मूल्यांकन अहवालाचा साचा दिला आहे, त्यात पर्यायांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे: तंत्रज्ञान आणि जागा. प्रत्येक पर्यायाचे दुष्परिणाम, त्यावरचे उपाय आणि मग निवड. पण त्या प्रकरणाच्या तोंडालाच एक अट आहे. अभ्यासाची व्याप्ती ठरवताना पर्यायांची गरज दिसली, तरच ते लिहायचे. या एका अटीने घोडे पेंड खाते. मी पाहिलेल्या एका अहवालात, केंद्राचे नाव घेत नाही, हे प्रकरण अर्ध्या पानात आटोपले होते. जागा औद्योगिक वसाहतीत आहे, रस्ता, वीज, पाणी उपलब्ध आहे, सबब दुसऱ्या जागांचा विचार केलेला नाही, अशा आशयाचे. त्याच अहवालात झाडांच्या शास्त्रीय नावांना कितीतरी पाने दिली होती.

औद्योगिक वसाहत हे जागा निवडण्याचे कारण कसे होऊ शकते? एमआयडीसीने ती जमीन घेतली ती पाणी, महामार्ग आणि रेल्वे बघून. कचरा पुरण्यासाठी तिची पारख कधीच झाली नव्हती. उलट पाणी जवळ असणे ही कारखान्याच्या दृष्टीने सोय, लँडफिलच्या दृष्टीने खोट. त्यातच त्या अधिसूचनेत मंजूर औद्योगिक वसाहतींमधल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट देणारी वाट ठेवलेली. त्यामुळे वसाहतीत जागा घेणे सोपे पडते. आणि सोपी जागा हीच चांगली जागा असा समज कधी होऊन बसतो, ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

मी केंद्रांच्या विरोधात लिहीत नाही, हे स्पष्ट केलेले बरे. कचरा केंद्रात गेला नाही तर काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि शेकडो माणसे रुग्णालयात पोहोचली. केंद्र दूर असले, वाहतूक महाग पडली, की टँकरवाला रात्री नाला शोधतो. तेव्हा तुलनेच्या तक्त्यात ‘कुठेच नको’ हाही एक रकाना हवा आणि त्याखाली त्याचे परिणाम लिहिलेले हवेत. विरोध करणाऱ्यांनीही, म्हणजे आमच्यासारख्यांनी, तो रकाना डोळे उघडे ठेवून वाचायला हवा.

तसाच दुसरा रकाना ‘आहे तिथेच’ हा. भोपाळच्या बाबतीत तो कधी गांभीर्याने भरला गेला असे मला दिसत नाही. शेडमधला कचरा हलवला, गाजावाजा झाला. पण आपल्याच नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि हैदराबादच्या ‘एनजीआरआय’ या भूभौतिक संशोधन संस्थेने २०१० मध्ये त्या आवारातल्या दूषित मातीचा अंदाज केला होता ११ लाख टन. ३३७ टनांसाठी पंधरा-वीस वर्षे आणि १२६ कोटी लागले. ११ लाख टनांना कुठले गाव शोधणार? त्यांच्यासाठी वाहतूक हा पर्यायच उरत नाही, जागेवर बंदिस्त करणे किंवा जागेवर शुद्ध करणे एवढेच हातात राहते. मग शेडमधल्या कचऱ्यासाठीही तोच पर्याय इतर जागांच्या शेजारी मांडून का पाहिला नाही? तसे करूनही उत्तर पीथमपूरच आले असते, कोण जाणे. पण मग ते उत्तर पीथमपूरच्या माणसाला दाखवता आले असते.

महोदय, २०१६ च्या घातक कचरा नियमांनी जागा शोधण्याची जबाबदारी राज्य सरकार, कारखानदार आणि केंद्रचालक यांच्यावर, एकत्र आणि स्वतंत्रपणे, टाकली आहे. तिघांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नव्हे, हा आपला अनुभव. म्हणून मी हे पत्र आपल्याला लिहितो आहे. मंडळ जागा शोधत नाही, पण संमतिपत्रावर सही मंडळाची असते, आणि सहीच्या आधी काय मागायचे हे मंडळाच्या हातात आहे.

पुढच्या कुठल्याही नव्या खड्ड्याच्या किंवा भट्टीच्या अर्जासोबत किमान तीन जागांची तुलना मागा, आणि त्यात ‘कुठेच नको’ व ‘आहे तिथेच’ हे दोन रकाने सक्तीचे करा. भट्टी असेल तर राखेची जागा त्याच तक्त्यात हवी, नंतर नव्हे. मातीचे आणि पाण्याचे नमुने वैशाखात आणि श्रावणात, दोन्ही वेळा घेतलेले हवेत. खडकातल्या फटींचा नकाशा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून करून घ्या, अर्जदाराच्या सल्लागाराकडून नको. ज्याच्या पैशाने अहवाल होतो त्याला नको ते अहवालात येत नाही, हे काही गुपित नाही. तक्ता मराठीत असावा आणि गुणांची बेरीज करण्याआधीचे आकडे त्यात दिसावेत. बेरीज आम्ही करू. पाणी महत्त्वाचे की हवा, याची उतरंड बुटीबोरीच्या शेतकऱ्याची वेगळी असेल आणि तळोज्याच्या कोळ्याची वेगळी.

आणि एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे, तिला ना नवा नियम लागतो ना नवा पैसा. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी या चार केंद्रांभोवतीच्या निरीक्षण विहिरींची गेल्या दहा वर्षांची तपासणी, विहीरवार आणि महिनावार, मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. विहीर कुठे आहे, किती खोल आहे, नमुना कुणी आणि कोणत्या तारखेला घेतला, हे सोबत असू द्या. बोरखेडीला नकार देताना लिहिलेली टिपणी दप्तरात असेल, तर तीही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
नागपूर जिल्ह्यातला एक रहिवासी